मोहाखालची घोंगडी

खैरबोडीत बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. वर्षातून एकदा मात्र घ्यावंच लागतं, नाहीतर नवरा मेलेलाच राहतो. गावाला यात काही नवल वाटत नाही. नवल वाटतं ते पाहुण्यांना.

आता कौशल्याबाईचंच घ्या. आंधळगावहून लग्न होऊन आली त्याला एक जमाना झाला. जीभ अशी, की धानाच्या रोवणीला शेताच्या बांधीत उतरली की तिच्या टोमण्यांच्या भीतीनं शेजारच्या बांधीतल्या बायांचेही हात भराभर चालावेत. सरपंचाला बोलेल, बोहाऱ्याला बोलेल, अंगावर चिखल उडवणाऱ्या ट्रॅक्टरलाही बोलेल. पण नवऱ्याचं नाव? राम राम! घरात 'अजी', चारचौघांत 'मोनूचे बाबा', आणि संतापली तर 'कुठं मेलं हे माणूस'. एकदा वरठीच्या स्टेशनात नवरा, भैय्यालाल, गर्दीत दिसेनासा झाला, तर ही बाई 'अजी, अजी' करत फलाटभर फिरली. निम्म्या फलाटानं वळून पाहिलं. ज्यानं पाहायचं तो पलीकडे उभा राहून आलुबोंडे खात होता.

हे वर्षातून एकदा नाव घ्यायचं प्रकरण जुनं आहे. दोनशे वर्षांपूर्वी, धान खळ्यावर आलेलं असताना, गावावर पेंढारी चालून आले असं म्हातारे सांगतात. पुस्तकात शोधायला जाऊ नका, पुस्तकवाल्यांना खैरबोडी ठाऊक नाही. पुरुष विळे, कुऱ्हाडी, गोफणी घेऊन बोडीच्या पाळीवर उभे राहिले. बोडी म्हणजे गावचा लहानसा तलाव, आणि पाळ म्हणजे त्याचा मातीचा बांध. बाया लेकरं कडेवर घेऊन लव्हाळ्यात, गळ्याइतक्या पाण्यात लपल्या. दिवस कलला तेव्हा घोडे परत फिरले. बाया वर आल्या, तर चिखलानं आणि रक्तानं कोणाचा चेहरा कोणाला ओळखू येईना. तेव्हा ज्या बायांनी जन्मात नवऱ्याचं नाव ओठावर आणलं नव्हतं, त्यांनी ते गळा काढून घेतलं. जो जिवंत होता त्यानं 'ओ' दिली.

एक माणूस मात्र गावचा नव्हता. घोंगड्या विकत फिरणारा कोणी परमुलखातला. आदल्या दिवशी गावात उतरला, कोणाच्या तरी ओसरीवर जेवला, आणि जेवला म्हणून पाळीवर उभा राहिला. तो पाळीच्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली पडला होता. कोणतंही नाव घेतलं की तो मान उचलायचा. ती हाक आपल्यासाठी नाही हे कळलं की पुन्हा मान टाकायचा. गावची सगळी नावं संपली. त्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. जेवायला वाढताना कोण नाव विचारतं? दिवस बुडता बुडता तोही गेला.

तेव्हापासून दिवाळीनंतर खैरबोडीची मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, त्या दिवशी जत्रेच्या आधी पाळीवर ही लढाई खेळतात. गावचे बापे पडतात. मग बाया लोटे घेऊन येतात, ज्याच्या त्याच्या नावानं हाक मारतात, तोंडावर पाणी शिंपडतात, आणि मेलेले उठून जिलेबी खायला जातात. मोहाखाली एक काळी घोंगडी अंथरून ठेवतात. तिच्यावर कोणी निजत नाही. आणि त्या झाडाच्या सावलीत उभं राहून कोणी कोणाचं नाव घेत नाही. का, ते कोणी सांगत नाही. लहान पोराला हाक मारायची असली तरी त्याला कान धरून आधी सावलीबाहेर आणतात.

भैय्यालाल या लढाईतला नामी मरणारा. एरवी तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती उचलायचा, त्याच्या पाठीचं कौतुक कोणी केलं नाही. पण मरणाचं कौतुक पंचक्रोशीत होतं. बाकीचे मरत ते धोतराला चिखल लागू नये अशा बेतानं, जागा पाहून. हा मात्र गोफणीचा दगड लागल्यावर स्वतःभोवती गिरकी घ्यायचा, आभाळाकडे हात करायचा, पाळीवरून थेट खाली घरंगळायचा, आणि खाली पोचल्यावर लोकांनी पाहिलं की नाही हे एक डोळा उघडून बघून मग प्राण सोडायचा. शिवाय बायकोच्या पहिल्या हाकेला तो कधीच उठला नाही. वर्षभर वाट पाहून मिळालेली चीज, एकदाच ऐकून कशी भागेल?

"मोठ्यानं बोल, मेलेल्या मानसाले कमी आयकू येते," असं तो ओठ न हलवता पुटपुटायचा. मग कौशल्याबाई लालबुंद होऊन पुन्हा म्हणायची, "भैय्यालाल!" आणि लोट्यातलं सगळं पाणी नाकात जाईल असं ओतायची. शेजारची शकुनबाई दरवर्षी म्हणे, "एवढं प्रेम दुसऱ्या कोनत्या जोडीत नाही वो, पानी नाकात अन् नाव कानात."

असं सगळं बरं चाललं होतं. मग धनंजयच्या डोक्यात इतिहास शिरला.

धनंजय हा गावचाच पोरगा, वरठीच्या कारखान्यात नोकरीला, मंडई समितीचा नवा अध्यक्ष. पोरगा चांगला, फक्त मोबाइलवर फार पाहतो. त्यानं कुठंतरी पाहिलं, की लोक जुन्या लढाया जशाच्या तशा उभ्या करतात, त्याला जिवंत इतिहास म्हणतात. झालं. त्यानं प्लास्टिकच्या तलवारी बंद केल्या. मनगटी घड्याळं आणि मोबाइल काढून ठेवायला लावले, कारण मागच्या वर्षी एका पेंढाऱ्याच्या कमरेला मोबाइल वाजला होता आणि त्यानं लढाई थांबवून 'मंडईत हाय, नंतर कर' असं उत्तर दिलं होतं. बांबूचे घोडे गेले, तुमसरच्या वरातीतले दोन खरे घोडे आले. आणि नागपूरहून सुगत नावाचा त्याचा मित्र उडता कॅमेरा घेऊन येणार असं ठरलं.

सभेत धनंजय म्हणाला, "आपल्या लढाईतला सगळ्यात मोठा माणूस कोण? तो घोंगडीवाला. अन् त्याचीच जागा आपण रिकामी ठेवतो. लोकांना दिसलं पाहिजे. तिथं कोणीतरी पडलं पाहिजे."

म्हाताऱ्यांनी तंबाखू मळायला घेतली. तेवढ्यात भैय्यालालनं विचारलं, "कॅमेरा कोठं राहीन गा?"

"मोहाच्या वरच, काका."

"मंग मी पडतो."

घरी त्या दिवशी भांडी आपटली.

"तिथं नोका निजू," कौशल्याबाई म्हणाली. "सांगून ठेवते."

"काहून? त्या मोहाखाली का वाघ बसून राहिला?"

"तिथं नाव घ्यायचं नसते. मंग मी तुमाले उठवू कशी?"

भैय्यालालला हे सुचलंच नव्हतं. त्यानं जरा विचार केला, आणि कॅमेरा जिंकला. "धनंजय म्हनते, उठवाचंच नाही. तो मानूस कोठं उठला होता? सगळे गेले का मी आपला उठून येईन."

"हाक मारल्याबिगर आजपर्यंत कोनी उठला का त्या पाळीवरून?"

"तं मी पयला," भैय्यालाल म्हणाला, आणि ताटावरून उठला.

कौशल्याबाईनं शकुनबाईला सांगितलं, शकुनबाईनं गावाला सांगितलं, गाव हसलं. 'बाईची वर्षाची एक हाक गेली म्हणून जळून राहिली' असं म्हणालं. खोटं कशाला बोला, थोडं तेही होतंच. पण रात्री तिला झोप लागली नाही ती जळून नव्हे. त्या माणसाला कधी कोणी उठवलंच नाही, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

मंडईचा दिवस उजाडला. बांध्या कापून रिकाम्या झालेल्या, खळ्यावर धानाचे पुंजणे उभे, पाळीवर माणूस मावेना. लढाई रंगली. वरातीतल्या घोड्यांनी ढोल ऐकला आणि ते मागच्या पायांवर नाचू लागले. पेंढाऱ्यांच्या सरदाराला उतरता येईना, त्यामुळे त्या वर्षी पेंढारी बराच वेळ नाचत नाचत हरले. भैय्यालाल घोंगडी खांद्यावर टाकून लढला. मग मोहाखाली गेला, गिरकी घेतली, आणि कोणालाही न पाहता आडवा झाला. डोळा उघडून पाहिलंच नाही. कौशल्याबाईच्या ते तिथंच ध्यानात आलं.

ऊन कलल्यावर बाया लव्हाळ्यातून वर आल्या. ओल्या लुगड्यांचं पाणी पाळीवर गळत होतं. ढोल थांबला. मग हाका सुरू झाल्या. धनीराम! मनिष! एकेक नाव बोडीच्या पाण्यावरून जायचं आणि एकेक माणूस धूळ झटकत उठायचा.

आणि दर नावाला मोहाखाली भैय्यालालची मान उचलली जायची.

लोक हरखले. "वा रे भैय्यालाल! काय करून राहिला!" सुगतचा कॅमेरा भुंग्यासारखा घुमत त्याच्यावर स्थिरावला. कौशल्याबाई भरला लोटा घेऊन सावलीबाहेर उभी होती. तिलाही आधी वाटलं, नाटकी माणूस, आता वर्षभर हेच सांगत बसेल.

मग पाळीच्या दुसऱ्या टोकाला तृप्ती पुढे आली. नवी नवरी, पहिलीच मंडई. लाजेनं तिच्या तोंडून आवाज फुटेना. नवऱ्याच्या कानाशी वाकून ती जेमतेम ओठ हलवून काहीतरी म्हणाली. शेजारी उभ्या असलेल्या सासूलाही ते ऐकू गेलं नाही, तिनं 'काय म्हनली वो?' असं विचारलं.

इकडे मोहाखाली मान उचलली गेली. थोडा वेळ तशीच राहिली. मग पडली.

कौशल्याबाई लोटा घेऊन सावलीच्या अगदी कडेपर्यंत आली.

सगळे उठले. लोक मंडईकडे पांगले, तिकडे दंडारीच्या खेळाचा मृदंग वाजू लागला, भज्यांचा वास सुटला. कॅमेराही खाली उतरला. मोहाखाली भैय्यालाल तसाच.

"काका, झालं, उठा," धनंजय हसत सावलीत शिरला. "मस्त केलं. चला." हालचाल नाही. "ओ भैय्यालाल काका!"

मान उचलली. पडली.

"तुह्या हातचं पानी पायजे त्याले," शकुनबाई कौशल्याबाईला कोपर मारून म्हणाली. "जाय, नाकात घाल."

धनंजयनं वाकून खांदा हलवला. अंग गरम होतं, श्वास होता, पण डोळ्यांच्या पापण्या शिवल्यासारख्या. त्याचं हसू गेलं. मागे वळून त्यानं मित्राला हाक मारली, "सुगत! इकडे ये रे!"

मान उचलली. पडली.

आता शकुनबाईचंही तोंड बंद झालं. खैरबोडीच्या इतिहासात असं फार वेळा झालेलं नाही. मग ती धनंजयला दंडाला धरून सावलीबाहेर ओढत कुजबुजली, "बापा, कोनाचं नाव नोको घेऊ आता. तो आयकून राहिला."

कौशल्याबाई एकटीच सावलीत गेली. मोहाखाली गार होतं. मंडईचा आवाज तिथं येत नव्हता, जणू कोणी मध्ये जाड कापड धरलं होतं. ती उकिडवी बसली. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तेच तोंड, तोच गालावरचा तीळ, मिलमधल्या पोत्यांनी वाकडी झालेली तीच मान. पण श्वास दुसऱ्याच कोणाचा वाटत होता. लांबून चालत आलेल्या माणसाचा.

तिनं पदर खांद्यावर घेतला. हलवून पाहिलं. गाल चोळला. पाणी शिंपडलं. काही नाही. उन्हाची शेवटची तिरीप पाळीवरून सरकत चालली होती, आणि तो घोंगडीवाला दिवस बुडता बुडता गेला होता हे तिला लहान पोरासारखं पाठ होतं. मग तिचा धीर सुटला. इतकी वर्षं ज्या नावानं त्याला उठवलं तेच तिच्याजवळ होतं. नियम कळत असूनही तिच्या तोंडून ते निघून गेलं.

"भैय्यालाल!"

"ओ," उत्तर आलं.

तो उठून बसला. डोळे उघडले. पाळीखाली उभ्या असलेल्या शकुनबाईनं सुटकेचा श्वास सोडला, धनंजयनं हात जोडले. फक्त कौशल्याबाई हलली नाही. कारण त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि परक्या बाईसमोर भला माणूस झुकवतो तशी नजर खाली झुकवली.

"माय," तो म्हणाला, "पानी."

आवाज भैय्यालालचाच. पण भैय्यालालनं आयुष्यात तिला माय म्हटलं नव्हतं, आणि पाणी असं मागितलं नव्हतं. भैय्यालाल पाणी मागायचा तो 'पानी आनतेस का मरू?' असा. तिनं लोटा पुढे केला. त्यानं लोट्याला हात लावला नाही. दुसऱ्याच्या दारी पितात तशी ओंजळ तोंडाशी धरली. ती वरून ओतत राहिली, तो पीत राहिला. लोटा संपला तरी ओंजळ तशीच होती.

मग तो उभा राहिला. घोंगडी झटकली, नीट घडी केली, खांद्यावर टाकली. "लई उशीर झाला," असं स्वतःशीच म्हणाला. त्यानं पाळीला हात लावून तो कपाळाला लावला आणि चालू लागला. मंडईकडे नाही, घराकडे नाही. बोडीला वळसा घालून जंगलाकडे जी जुनी वाट जाते, जिच्यावरून आता गुरंही जात नाहीत, त्या वाटेनं.

"काकू, काका कुठं चालले?" धनंजय विचारत होता. त्याचं पाऊल मात्र पुढे पडत नव्हतं.

कौशल्याबाई पाहत राहिली. हाक मारावी तर काय मारावी? नाव तर ती देऊन बसली होती. ते नाव घेतलं तर जो वळेल तो तिचा नव्हता. तिच्या नवऱ्याची पाठ दुसराच कोणी घेऊन चालला होता. चाल वेगळी, हलकी, जन्मात पोतं न उचललेल्या माणसाची. वाटेवरच्या पळसांपर्यंत तो पोचला. अजून दहा-वीस पावलं आणि दिसेनासा झाला असता.

तेव्हा या बाईला काय झालं कोण जाणे. भीती वाटायची ती वाटून झाली, आणि तिला राग आला. तिला रोज येतो तसलाच राग. तिनं कमरेवर हात ठेवले आणि ओरडली, "अजी! कोठं चालले सांजच्या टायमाले? घरी पुंजण्यापाशी डुकरं शिरतीन, त्यायले का मी एकटी हाकलू? फिरा मांगं!"

वाटेवरचा माणूस थबकला.

पाठ वाकली. मान एका बाजूला कलली, पोत्यांनी कललेली. खांद्यावरची घोंगडी घसरून खाली पडली. आणि तो अडखळत वळला.

"आलो ना वो," भैय्यालाल म्हणाला. "एवढी काहून ओरडतेस? लोक पाहून राहिले." मग आजूबाजूला पाहून त्यानं विचारलं, "मी इथं कायले आलो?"

कौशल्याबाईनं सगळ्यांदेखत त्याच्या मनगटाला धरलं आणि घरापर्यंत सोडलं नाही. एरवी गावानं यावर आठवडाभर टवाळी केली असती. त्या दिवशी कोणी शिटीसुद्धा वाजवली नाही.

भैय्यालाल परत आला. पूर्ण आला की नाही, याबद्दल पानठेल्यावर दोन मतं आहेत. जेवण तेवढंच, घोरणं तेवढंच, बढाया जरा जास्तच. फक्त नावानं हाक मारली तर तो वळत नाही. ऐकू येत नाही असं नाही. तो म्हणतो, "कोनाले बोलावून राहिले तुमी?" आधी लोकांना वाटलं सोंग आहे. मग एका संध्याकाळी गावातल्या घनश्यामनं रस्त्यावरून सायकलवर जाता जाता सवयीनं "काय गा भैय्यालाल!" असं म्हटलं. भैय्यालाल समोर ओट्यावर बसून शेंगा खात होता. त्यानं मान वर केली नाही. 'ओ' आली ती बोडीच्या बाजूनं. घनश्याम तेव्हापासून त्या रस्त्यानं सायकलवर जात नाही. पायी तर मुळीच नाही.

मग गावानं आपली सोय केली. इथली माणसं भूत सहन करतील, अडचण सहन करणार नाहीत. गावभर आता त्याला 'अजी' म्हणतात. पानठेल्यावर बापे म्हणतात, "अजी, तंबाखू द्या." शाळेतली पोरं म्हणतात, "अजी, टाइम काय झाला?" तो चिडतो. "मी का तुमचा सगळ्यायचा नवरा व्हय?" असं ओरडतो. पण वळतो. कौशल्याबाईला मात्र हे आवडत नाही. जी एक गोष्ट फक्त तिची होती, तीही आता गावजेवणासारखी वाटली गेली.

सुगतच्या कॅमेऱ्यात काय आलं ते धनंजयनं कोणाला दाखवलं नाही. या वर्षी मंडई आली तेव्हा त्यानं स्वतः मोहाखाली घोंगडी अंथरली, आणि सावलीत पाऊल पडू नये म्हणून लांबूनच काठीनं तिचे कोपरे सरळ केले. भैय्यालाल लढाईत पडला नाही. पाळीखाली बसून इतरांच्या मरणाला नावं ठेवत होता.

बाया वर आल्या, हाका झाल्या. कौशल्याबाईनं हाक मारावी असं कोणी पडलेलं नव्हतं. तरी तिनं लोटा भरून आणला होता. सावलीच्या कडेला, घोंगडीपासून हातभर दूर, तो तिनं ठेवला. बोलली काही नाही. शकुनबाई सांगते, तिचे ओठ हलले. पण शकुनबाई काय काय सांगते ते सोडा.

दुसऱ्या दिवशी ती लोटा आणायला गेली. तो रिकामा होता. कुत्र्यानं प्यायलं असेल, असं कोणीही म्हणेल. पण लोटा घासलेला होता. राखेनं, आतून-बाहेरून, शेजारच्या घरचं भांडं परत देताना घासतात तसा लख्ख.

त्या दिवशी दुपारी ती आणि भैय्यालाल अंगणात धान वारवत होते. मग इकडेतिकडे पाहून, सूप हातात धरूनच, तो जवळ सरकला.

"आयक ना," तो म्हणाला. "ते माहं नाव. एकडाव घेऊन पाह्य. घरातल्या घरात. हळूच."

कौशल्याबाईनं मागं पाहिलं. अंगणाचं फाटक उघडं होतं, आणि वारा बोडीकडून होता. ती उठली, फाटक लावलं, कडी घातली, आणि परत सूप घेऊन बसली.

"नाही जी," ती म्हणाली. "दोघंबी आले तं निजवू कोठं?"